शेजाऱ्याच्या विहिरीची साक्ष

जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे माप कोणी घ्यावयाचे, हा प्रश्न वारकऱ्याला नवा नाही. मनातल्या कामक्रोधांचा जमाखर्च लोकांना दिसत नसला तरी आत बसलेला साक्षी तो लिहून ठेवीत असतो, हे आपण एकादशीच्या कीर्तनांतून शेकडो वेळा ऐकलेले आहे. पण तो झाला ज्याच्या त्याच्या अंतरंगाचा मामला. समजा, एकाने आपल्या जागेत काही कर्म केले, त्यामुळे शेजाऱ्याचे नुकसान झाले, आणि हे सगळे जमिनीच्या पोटात घडले. करणाराला ते दिसले नाही आणि सोसणाराला ते बोट लावून दाखवता येत नाही. अशा वेळी काय? शाबितीचे ओझे कोणाच्या डोक्यावर द्यावे? ज्याने खणले त्याच्या, की ज्याच्या घशाला कोरड पडली त्याच्या?

या एकाच प्रश्नाचा विचार आज करावा असे योजिले आहे. त्यासाठी वाचकांना थोडे लांब, थेट अमेरिकेत न्यावे लागेल. परत येण्याची वाट आपल्या शेताच्या बांधावरूनच आहे, तेव्हा कंटाळू नये.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, ईशान्येच्या कोपऱ्यात, सस्क्वेहॅना नावाचा जिल्हा आहे. डोंगराळ मुलूख, दुधाचा धंदा करणारे शेतकरी, निळसर दगडाच्या खाणी. तेथे डिमॉक म्हणून एक गाव आहे. २०१० च्या शिरगणतीत त्याची वस्ती सुमारे दीड हजार होती. म्हणजे आपल्याकडचे एखादे मध्यम खेडेच म्हणा ना. घरे एकमेकांपासून दूर दूर, आणि ज्याच्या त्याच्या घराला ज्याची त्याची विहीर. विहीर म्हणजे आपल्यासारखी बांधीव नव्हे, तर बोअर. शंभर-दोनशे फुटांवर, कोठे त्याहून थोडे खाली, पाणी लागते. तेच पिणे, तेच स्वयंपाकाला, तेच गुरांना. त्या एका राज्यात अशा खाजगी विहिरींवर जगणारे लोक सुमारे तीस लक्ष आहेत.

या गावाच्या खाली, मैलभराहूनही अधिक खोलीवर, मार्सेलस नावाच्या काळ्या खडकाचा थर आहे. त्या खडकाच्या सांधीकोपऱ्यांत ज्वलनशील वायू अडकून राहिलेला आहे, आणि तोही थोडाथोडका नव्हे. खडक इतका घट्ट की नुसते भोक पाडून वायू बाहेर येत नाही. म्हणून आधी सरळ खाली जावयाचे, मग त्या थरातून आडवे वळावयाचे, आणि एकेका बोअरमध्ये कोटीच्या वर लिटर पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने कोंबून खडकाला तडे पाडावयाचे, अशी युक्ती निघाली. २००६ च्या सुमारास कॅबट नावाच्या कंपनीचे लोक डिमॉकमध्ये घरोघर फिरले आणि जमिनीखालच्या वायूचे पट्टे लिहून घेऊ लागले. सुरुवातीला एकरी २५ डॉलरवरही लोकांनी सह्या केल्या. वायू निघाला तर त्याचा निदान आठवा हिस्सा जमीनमालकाला, असा त्या राज्याचा कायदा आहे. गरिबीने टेकीला आलेल्या शेतकऱ्याला हे देवानेच धाडलेले वाटले असेल, तर त्याला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. आपल्याकडे धरण येते, रस्ता येतो, कारखाना येतो, तेव्हा काय होते ते आपण पाहतोच की.

२००८ साली बोअर सुरू झाल्या. पुढे काही घरांच्या पाण्याचा रंग बदलला. कोठे ते गढूळ झाले, कोठे फेसाळ झाले, कोठे त्याला वास येऊ लागला. १ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे त्यांच्या वर्षारंभाच्या दिवशीच, एका घराच्या विहिरीचा स्फोट झाला आणि वरचे काँक्रीटचे जाड झाकण फुटून उडाले. पाण्यात मिथेन वायू साठला होता. हा मिथेन पोटात गेला तर विष म्हणून मारीत नाही, परंतु पाण्यातून सुटून बंद जागेत कोंडला आणि ठिणगी पडली की घर उडवतो. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तडे पाडण्याचा द्रव तीन वेळा सांडून सुमारे ८,००० गॅलन, म्हणजे तीस हजार लिटर, बाहेर गेला.

आता येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे, कारण सगळे मर्म यातच आहे. वायू मैलभर खाली, घरचे पाणी दोनशे फुटांवर. मधे खडकांचे थरावर थर. मग खालची गोष्ट वर आली कशी? आपल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. बोअर मारताना वरच्या मुरमात केसिंग घालतात, ते कशासाठी? वरची माती, डबक्याचे पाणी आत उतरू नये म्हणून. केसिंग तोकडे पडले किंवा त्याच्या कडेची फट बुजवली नाही, तर गोठ्यातले पाणी बोअरमध्ये उतरते आणि वर्षभर घरात पोटदुखी सुरू. वायूच्या बोअरमध्ये हाच प्रकार, फक्त उलट्या दिशेने. ती बोअर खाली जाताना सर्वांच्या पिण्याच्या पाण्याच्या थराला भोसकून जाते. म्हणून तिला लोखंडी नळी घालतात, आणि नळी व खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरतात. हे सिमेंट जर धड भरले गेले नाही, त्याला चीर गेली, पोकळी राहिली, तर मधल्या थरातला वायू त्या फटीने वर चढतो आणि पाण्यात शिरतो. त्या राज्याच्या पर्यावरण खात्याने डिमॉकमध्ये हाच दोष काढला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासातही, तपासलेल्या बिघडलेल्या विहिरींचे कारण खोल खडकाला पाडलेले तडे हे नसून वरचे फसलेले सिमेंट आणि सदोष नळी हे आहे, असे आढळले.

म्हणजे बघा, मैलभर खाली जाऊन आडवे वळण्याची विद्या साधली. आणि घोटाळा झाला तो गवंड्याच्या हातच्या कामात, तेही शेजाऱ्याच्या पाण्याजवळून जाताना! जेथे नफा होता तेथे सगळी बुद्धी खर्ची पडली, आणि जेथून नुसते ओलांडून जावयाचे होते तेथे हात आखडला. परमार्थातही असेच होते. समाधीच्या गोष्टी करणारे पुष्कळ, पण घरातून देवळापर्यंतच्या वाटेवर कोणाचा पाय तुडवीत नाही ना, हे पाहणारे थोडे.

येथे एक कथा आठवल्यावाचून राहत नाही. ज्ञानोबाराय आणि नामदेवराय तीर्थयात्रेला निघाले असता मारवाडच्या वाळवंटात तहानेने व्याकूळ झाले. विहीर सापडली, पण पाणी फारच खोल. माउली लघिमा सिद्धीने सूक्ष्म रूप घेऊन आत उतरले, पाणी पिऊन वर आले, आणि नामदेवांसाठीही आणतो म्हणाले. नामदेवांनी मात्र पांडुरंगाचा धावा केला, आणि विहीर खळाळून काठोकाठ भरून वाहू लागली. ही कथा सांगणारे बहुतेक योग आणि भक्ती यांची तुलना करून थांबतात. माउलींच्या अधिकारात उणे पाहणारी जीभ आम्हांला नाही. त्यांनी जगावर केलेले उपकार या लेखणीने मोजता येणार नाहीत. आम्हांला त्या कथेत एवढेच दिसते की, खोल उतरण्याचे सामर्थ्य एखाद्याला असते, पण त्या गावच्या बायकांच्या, वाटसरूंच्या, उंटांच्या उपयोगी पडते ते काठापर्यंत आलेले पाणी. ज्याला सामर्थ्य नाही त्याची सगळी भिस्त वरच्या पाण्यावर असते. खोल जाणाराने जाताना हे वरचे पाणी नासवले, तर दुर्बळाने जावयाचे कोठे?

असो. आता पूर्वपक्षाचेही ऐकले पाहिजे, कारण तो पोकळ नाही. कंपनीचे म्हणणे असे की, त्या मुलुखात पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे. आमच्या बोअरचा त्यात दोष नाही. आणि हे अर्धे खरे आहे. त्याच जिल्ह्यात सॉल्ट स्प्रिंग्ज नावाचे खाऱ्या झऱ्यांचे ठिकाण आहे, तेथे पाण्यातून वायूचे बुडबुडे आपोआप येतात. आपल्याकडे कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या देवळात खडकातून ज्योती निघतात, त्याच जातीची ही गोष्ट. तेथे काही कोणी बोअर मारली नव्हती. २०११ साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या भागातल्या ६० घरगुती विहिरींत मिथेन तपासला, तो ५१ विहिरींत सापडला. म्हणजे जवळपास सगळीकडेच थोडाफार होता. पण वायूच्या बोअरजवळ असलेल्या विहिरींत त्याचे सरासरी प्रमाण दूरच्या विहिरींच्या १७ पट निघाले. आणि तडे पाडण्याच्या द्रवाची खूण मात्र त्या विहिरींत मिळाली नाही, हेही त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

तेव्हा एखादा माणूस म्हणाला, ‘माझे पाणी नासले’, तर त्याला विचारता येते, ‘ते आधी चांगले होते कशावरून?’ आणि येथेच बिचारा शेतकरी गप्प होतो. आईच्या हातचे जेवण बिघडेल म्हणून पहिल्यापासून कोणी तपासून ठेवतो काय? जे पाणी आजोबा प्याले, बाप प्याला, ते चांगले असल्याचा दाखला कोण काढून ठेवणार? पाण्याची साक्ष अशी विचित्र आहे. ते आज जसे आहे तसेच दिसते. काल कसे होते हे सांगत नाही.

शासनाच्या तपासण्यांचे काय, असे कोणी विचारील. त्याचीही गंमत ऐका; गंमत कसली, दुर्दैवच म्हणावयाचे. २०१२ साली अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने डिमॉकच्या साठांहून अधिक घरांचे पाणी तपासले, आणि जुलैत जाहीर केले की आता आम्ही पुढे काही करण्याची गरज नाही. त्याच नमुन्यांचे आकडे घेऊन आरोग्याकडे पाहणाऱ्या दुसऱ्या केंद्रीय संस्थेने २०१६ साली अहवाल दिला, त्यात काही घरांच्या पाण्यातले पदार्थ प्रकृतीला बाधतील इतके असल्याचे, आणि सतरा विहिरींत आग वा स्फोट होण्याइतका मिथेन असल्याचे म्हटले. बाटल्या त्याच, पाणी तेच, आकडे तेच. मधे चार वर्षे गेली आणि निवाडा फिरला. तराजू दोन्हीकडे खराच असेल. पण एकाने विचारले, ‘आम्हांला काही करणे भाग आहे काय?’ आणि दुसऱ्याने विचारले, ‘पिणाऱ्याला काय होईल?’ प्रश्न बदलला की उत्तर बदलते. म्हणून आम्ही म्हणतो, अशा कामात शास्त्र पाहिजेच, पण शास्त्राला प्रश्न कोणी आणि कोणाच्या बाजूने घालावा, हे शास्त्र ठरवीत नाही. ते धर्माने ठरवावे लागते.

मग धर्म काय सांगतो? नाथमहाराजांची कावड सर्वांना ठाऊक आहे. काशीहून गंगा भरून घेतली, रामेश्वराला वाहावयाची. वाटेत तापलेल्या वाळूत गाढव तडफडताना दिसले, आणि नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडी घातली. नाथांनी गाढवाला असे नाही विचारले की, ‘बाबा रे, तू तहानलेला आहेस याला पुरावा काय? दुसऱ्या कशाने लोळत नसशील कशावरून?’ ज्याच्या हाती पाणी आहे त्याने आधी पाजावे, मग हवा तितका विचार करावा. आता कोणी म्हणेल, नाथांनी काही गाढवाची विहीर नासवली नव्हती. ही तर नुसती दया झाली. बरोबर! आणि जेथे काहीही देणे लागत नसता नाथ इतके करतात, तेथे ज्याच्या कर्माने नासल्याचा संशय आहे त्याने ‘आधी सिद्ध करा’ म्हणून पाठ फिरवावी, हे कोणत्या हिशेबात बसते?

नवलाची गोष्ट अशी की, पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याला हे थोडेबहुत कळलेले होते. १९८४ च्या तेथल्या कायद्यात असे कलम होते की, वायूच्या बोअरपासून १,००० फुटांच्या आत, बोअर झाल्यापासून सहा महिन्यांत जर कोणाचे पाणी बिघडले, तर दोष बोअरवाल्याचाच धरावयाचा. नाही म्हणावयाचे असेल तर त्याने सिद्ध करावे. २०१२ साली तडे पाडून काढलेल्या वायूपुरती ही मर्यादा २,५०० फूट आणि बारा महिने अशी वाढवली. बोअरवाल्याला सुटण्याच्या वाटाही ठेवल्या आहेत. त्यांतली मुख्य अशी की, बोअर मारण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या विहिरी तपासून घ्याव्यात, आणि पाणी आधीच बिघडलेले होते हे कागदावर दाखवावे. किती साधी युक्ती! ज्याच्याजवळ पैसा, यंत्रे आणि रसायनशाळा आहेत त्याने आधी तपासावे. ज्याच्याजवळ फक्त तहान आहे त्याच्यावर ओझे नको. आम्हांला तर हे कलम वाचून एखाद्या कायदेपंडिताच्या पोटी कोणी संतसज्जन जन्मला होता की काय असे वाटले. अर्थात त्याच देशाने २००५ साली तडे पाडण्याच्या या धंद्याला पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्यातून बहुतांशी सूट देऊन टाकली, तीही सांगितली पाहिजे. एकाच घरात तुळस असते आणि दारूची बाटलीही असते, तसे हे.

पण २,५०१ व्या फुटावर ज्याचे घर आहे त्याचे काय? तेराव्या महिन्यात ज्याचे पाणी फेसाळले त्याचे काय? तेथे कायदा संपतो, धर्म संपत नाही. पाण्याला फूट मोजता येत नाहीत; ते खडकाच्या भेगांनी जाईल तिकडे जाते, आणि कधी वर्षा-दोन वर्षांनीही पोहोचते.

डिमॉकचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. २०१० साली राज्याने कंपनीला तीन बोअर बुजवण्यास लावले आणि नऊ चौरस मैलांत नव्या बोअरना मनाई केली. बाहेरून नळाने चांगले पाणी आणण्याची योजना राज्याने आखली, पण तिला कंपनीचा विरोध होता आणि गावातल्याही कित्येकांचा होता, म्हणून ती बारगळली. गावात दोन तट पडले. ज्यांना हिश्शाचे पैसे मिळत होते ते म्हणत, हे कुरकुरे लोक गावाची बदनामी करताहेत. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. आम्हांला पाण्याच्या नासण्यापेक्षा हे नासणे कमी वाटत नाही. ज्याच्या विहिरीत वायू नाही त्याला दुसऱ्याच्या विहिरीतला फेस खोटा वाटावा, याला कारण द्वेषच असतो असे नाही. आपल्या ताटातल्या घासाला दोष लागू नये अशी माणसाची इच्छा असते. ती इच्छाच डोळ्यांवर पट्टी बांधते.

२०१२ साली ३६ पैकी ३२ कुटुंबांनी कंपनीशी गुपचूप तडजोड केली. अटी उघड करावयाच्या नाहीत असे ठरले. या मौनाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्याकडे मौन हे व्रत आहे. पण विकत दिलेले मौन आणि पाळलेले मौन यांत फरक आहे. पाळलेल्या मौनाने बोलणाऱ्याचा अहंकार गळतो. विकलेल्या मौनाने पुढच्या गावाचा इशारा गळतो. तरीही आम्ही त्या कुटुंबांना दोष देत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे टाकीतले आणि बाटल्यांतले पाणी आणून लेकरांना न्हाऊ घातले, त्यांनी पैसे घेऊन सुटका करून घेतली तर त्यांना कोणत्या तोंडाने बोलावे? बोलावयाचे तर मौन विकत घेणाऱ्याला. जो निर्दोष आहे त्याला दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप कशाला लागते?

२०२० साली त्या राज्याच्या महाधिवक्त्याने कंपनीवर फौजदारी खटला भरला. मधे कंपनीचे दुसरीत विलीनीकरण होऊन कोटेरा असे नवे नाव पडले. २०२२ च्या नोव्हेंबरात तिने न्यायालयात आरोपाला विरोध न करण्याची भूमिका घेतली. तिकडे असा एक प्रकार आहे की, आरोपी गुन्हा कबूल करीत नाही आणि नाकारीतही नाही, फक्त म्हणतो, ‘माझी तक्रार नाही’. १ कोटी ६२ लक्ष ९० हजार डॉलर नळयोजनेसाठी देण्याचे आणि त्या घरांची पाणीपट्टी ७५ वर्षे भरण्याचे ठरले. बारा वर्षांपूर्वी जी योजना फेटाळली तीच. आणि ज्या दिवशी हे झाले त्याच दिवशी राज्याच्या खात्याने करार करून, बाहेरून आडव्या बोअर घालून डिमॉकच्या खालचा वायू काढण्यास कंपनीला पुन्हा वाट मोकळी केली. हे लोकांना कळले ते काही दिवसांनी.

पाऊणशे वर्षांचे पाणी दिले हे थोडे नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु ‘मी केले’ हा शब्द त्यात नाही. आपल्या संतांनी पांडुरंगापुढे स्वतःचे दोष उघडे मांडले, ते काही देवाला माहीत नव्हते म्हणून नव्हे. दोष बोलल्यावाचून माणूस त्यापासून वेगळा होत नाही. पैसे देऊन देणे फिटेल, पण सिमेंट भरणारा हात पुढच्या वेळी जपून चालेल तो ‘माझ्याकडून झाले’ असे म्हटल्यावरच.

आता कोणी वाचक म्हणेल, ‘अहो, कोठले डिमॉक आणि कोठली पंढरी! आम्ही काय त्याचे?’ म्हणून आता परत येतो. २०१८ च्या मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ येथे एक जहाज लागले. दक्षिण अमेरिकेतून नव्हे, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या लुइझियाना राज्यातून थंड करून द्रवरूप केलेला वायू घेऊन ते आले होते. आपल्या ‘गेल’ या सरकारी कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या कराराचा तो पहिला माल. याच कंपनीने मेरिलँड राज्यातल्या कोव्ह पॉइंट या तळाचीही अर्धी क्षमता, वर्षाला २३ लक्ष टन, करारानेच घेतली आहे, आणि त्या तळाला वायू पुरवणारा मुलूख म्हणजे मार्सेलस खडकाचाच. त्यातला काही माल वाटेतच इतर देशांना विकला किंवा बदलून दिला जातो, हे खरे. नळांतून एकदा वायू मिसळला की कोणत्या बोअरचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. सिलिंडरातला गॅस हा नव्हे, तो वेगळा. पण पुण्यामुंबईत नळाने जो चुलीपर्यंत येतो तो या जातीचा. आणि शेतकरी वारकऱ्याला त्याहून जवळचे सांगावयाचे तर युरियाचे पोते. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळच्या थळचा कारखाना त्यावरच चालतो. देशातला वायू पुरत नाही म्हणून बाहेरचा आणावा लागतो.

याचा अर्थ प्रत्येक पोत्यात डिमॉकचे पाप भरलेले आहे असा कोणी घेऊ नये. तसे आम्ही म्हणत नाही, आणि युरिया टाकू नका, चूल विझवा असेही म्हणत नाही. लाकडाच्या धुराने आपल्या आयाबहिणींचे डोळे गेले ते आम्ही विसरलेलो नाही. एवढेच की, ज्या घासाची सुरुवात इतक्या लांब कोणाच्या तरी घरविहिरीजवळून होते, तो घास खाणाराने निदान त्या विहिरीच्या मालकाला ‘सिद्ध कर’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नये. हे अवघड आहे. आपण स्वस्त पोते मागतो, आणि स्वस्ताई कोठून तरी येते. कधी ती सिमेंटच्या फटीतूनही येते.

चंद्रभागेचे उदाहरण देऊन कोणी आम्हांला चिडवील की, आधी आपली नदी पाहा. पाहतोच. पण नदीची घाण डोळ्यांसमोर असते, तिच्यासाठी आरडाओरडा होतो, माणसे खराटे घेऊन उतरतात. विहिरीखालचे पाणी मुक्याने नासते. वारीच्या वाटेवर आपण शेकडो अनोळखी दारांत तांब्या पुढे करतो. त्या घरच्या बाईने कधी विचारले नाही की तुम्ही कोण, आणि आपणही विचारले नाही की हे पाणी कसे आहे. हा विश्वास आहे तोवर वारी आहे. त्या बाईच्या बोअरशेजारी उद्या दगडखाण येईल, कारखान्याचा खड्डा येईल, मळीचे पाणी मुरेल. आसामात, गुजरातेत, आंध्रात तेलवायूच्या बोअर कित्येक वर्षांपासून आहेतच. तेव्हा तिलाही विचारले जाईल, ‘बाई, तुझे पाणी आधी चांगले होते कशावरून?’

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळा आहेत. गावाजवळ असे काही येणार असे ऐकले की, ते येण्याआधी गावातल्या विहिरी-बोअरचे पाणी तपासून घ्यावे. एक पावसाळ्यापूर्वी, एक पावसाळ्यानंतर. बाटली भरताना पंच बोलवावेत, तारीख लिहावी, आणि दाखल्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक देवळाच्या पेटीत ठेवावी. विठोबाच्या पेटीत ठेवलेला कागद उंदीर खाणार नाही एवढे पाहणे पुजाऱ्याकडे.